खातेदाराचा हात

दिगंबर सुरवसे वारल्याची बातमी खुद्द दिगंबर सुरवसेंना कळली, तेव्हा ते परदेशात, सास्काटूनमधल्या मुलाच्या घरी उपमा खात होते. फोन थरथरला म्हणून त्यांनी चमचा खाली ठेवला आणि चष्मा लावला. बार्शीच्या बँकेचा संदेश होता. 'आमचे सन्माननीय खातेदार श्री. दिगंबर सुरवसे यांच्या निधनाची शक्यता आमच्या यंत्रणेने नोंदवली आहे. आपल्या दुःखात बँक सहभागी आहे. खाते तूर्त बंद करण्यात येत असून वारसांनी पुढील पूर्तता करावी.'

"काय झालं पप्पा?" सुनेने, मृण्मयीने विचारलं. तिच्या कडेवर पाच महिन्यांची ईरा होती.

"काही नाही," दिगंबरराव म्हणाले. "मी गेलो म्हणायलेत."

मुलाला, ऋतुराजला, हसू आवरेना. "एखाद्या भामट्याचा असेल संदेश," असं म्हणून तो कामावर निघून गेला. दिगंबररावांनी मात्र उपम्याची बशी बाजूला सारली. संदेश खोटा नसणार, हे त्यांना लगेच कळलं होतं. आदल्याच दिवशी त्यांनी घरात कुणालाही न सांगता आपलं खातं उघडायचा खटाटोप केला होता. त्यांना बार्शीचं तिकीट काढायचं होतं.

सप्टेंबरात दोघं नवरा-बायको सुनेच्या बाळंतपणासाठी इकडे आले होते. आले तेव्हा सहा महिन्यांनी परतायचं ठरलं होतं. जानेवारीत उज्ज्वला ईराच्या दुपट्यांच्या घड्या घालता घालता खाली बसली. डोकं फार दुखतंय म्हणाली आणि संध्याकाळपर्यंत संपली. मेंदूत रक्तस्राव झाला, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्यानंतर दिगंबररावांना या घरात बसवेना. खिडक्या कायमच्या बंद, बाहेर हाडं गोठवणारा बर्फ, आणि जिकडे पाहावं तिकडे तिची अर्धवट राहिलेली कामं. त्यांना बार्शीच्या आपल्या दोन खोल्यांच्या घरात जायचं होतं, पुढच्या पायरीवर उन्हात बसायचं होतं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याने "काय अण्णा, कधी आलात?" असं विचारावं, एवढंच त्यांना हवं होतं.

ऋतुराजला हे सांगायची सोय नव्हती. सांगितलं की त्याचं उत्तर ठरलेलं असे. "तिकडं कोण आहे तुमचं? एकटे काय करणार? इथंच राहा, मी आहे ना." त्यात खोट काढण्यासारखं काहीच नव्हतं आणि म्हणूनच त्याला उत्तर देता येत नव्हतं. शेवटी दिगंबररावांनी मनाशी ठरवलं, आपल्या पैशाने तिकीट काढायचं आणि मग सांगायचं. तर तिकिटाच्या आधी मरणच आलं.

यात यंत्राची काही चूक नव्हती, हे खरं दुखणं. काही वर्षांपूर्वी खोटे चेहरे आणि खोटे आवाज तयार करणं इतकं सोपं झालं की शेंबडं पोरदेखील कुणाच्याही बापाचा आवाज काढून पैसे मागू लागलं. अंगठ्याचा ठसा तर फोटोवरून उचलला जाई. तेव्हा बँकांनी चेहरा, आवाज, अंगठा, सगळ्यांवरचा भरवसा काढून घेतला आणि हस्तलय नावाची पद्धत आणली. माणूस कितीही स्थिर बसला तरी त्याचा हात सूक्ष्मपणे थरथरतच असतो. डोळ्यांना ते दिसत नाही, पण फोनमधल्या संवेदकांना दिसतं. ती थरथर, फोन धरण्याचा कोन, बोटाचा दाब, दोन आकड्यांमधला अवधी आणि पैसे पाठवण्याआधी माणूस क्षणभर थबकतो ते थबकणं, या सगळ्याची मिळून यंत्र एक खूण तयार करतं. ती चोरता येत नाही, कारण ज्याची असते त्यालाही ती ठाऊक नसते. वय वाढेल तशी ती सावकाश बदलते आणि यंत्र शिकत शिकत तिच्या मागून जातं.

हे बघून सरकारलाही सुचलं. पेन्शनरांना दर नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी रांगेत कशाला उभं करायचं? हात चालतोय म्हणजे माणूस आहे. हात बरेच दिवस थांबला आणि मग त्याच फोनवर भलताच हात खुडबुड करू लागला, तर माणूस गेला आणि घरचे त्याचं कपाट उचकटताहेत, असं समजायचं. बहुतेक वेळा तो अंदाज खरा निघे.

दिगंबररावांच्या बाबतीतही तो खराच होता. हात थांबलाच होता. तो फक्त त्यांचा नव्हता.

भूमी अभिलेख खात्यात मोजणीदार म्हणून त्यांनी उभी हयात काढली. भावाभावांच्या बांधाच्या भांडणात मधोमध उभं राहून दोघांच्याही शिव्या खाल्ल्या. पण फोनवर बँकेचं काही आलं की ते आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारत. "अगं, बघ गं काय आलंय!" मग उज्ज्वला पिठाचे हात पुसत यायची, फोनचा पडदा पदराने पुसायची, फोन डावीकडे कलता धरून गुडघ्यावर टेकवायची आणि काम उरकून द्यायची. हस्तलय नोंदवायला शाखेत गेले तेव्हासुद्धा दिगंबरराव खुर्चीत बसले आणि फोन आपसूक तिच्या हातात गेला. ओळखीचा कारकून हसून म्हणाला, "करू द्या वहिनींना. तुम्ही केलं तर आज बँक बंद व्हायची नाही." खातं नवऱ्याचं आणि बोटं बायकोची, यात बार्शीत कुणाला काही वावगं वाटलं नाही. निम्म्या गल्लीचा कारभार तसाच चालला होता.

तर यंत्राने दहा-बारा वर्षं ज्या दिगंबर सुरवसेंना ओळखलं, त्या उज्ज्वला सुरवसे होत्या. आणि त्या खरोखरच वारल्या होत्या.

बार्शीला बँक बंद व्हायची वेळ म्हणजे सास्काटूनला पहाट. घरचे झोपेत असताना दिगंबररावांनी तळघरातल्या सोफ्यावर बसून शाखेला फोन लावला. पडद्यावर तबस्सुम मुलाणी आल्या. त्यांच्या वडिलांची जमीन दिगंबररावांनीच मोजली होती.

"अगंबाई, अण्णा!" मुलाणी मॅडम म्हणाल्या. "वहिनींचं कळलं. फार वाईट झालं. आणि इकडं तर यंत्र तुम्हालाच…"

"मी आहे की समोर. बघा, नीट बघा."

"दिसताय हो. पण दिसणं आता पुरावा धरत नाहीत. गेल्या महिन्यात एकाचे वारलेले सासरे माझ्याशी या खिडकीत अर्धा तास बोलले. नातवंडांची चौकशी केली त्यांनी माझ्या." त्यांनी कपाळाला हात लावला. "तुम्ही शाखेत या. इथं रक्ताची तपासणी करून तुम्ही हयात आहात हे एका दिवसात सिद्ध होईल."

"यायला तिकीट लागतं, मॅडम. आणि तिकिटाचे पैसे तुमच्याकडं आहेत."

वरिष्ठांना विचारून सांगते, एवढंच मुलाणी मॅडम म्हणाल्या.

ऋतुराजला आता सगळं सांगावंच लागलं. तिकिटाचं तेवढं दिगंबररावांनी गिळलं. तो फार चांगलं वागला. म्हणाला, "पप्पा, तुम्ही कशाला जीव टांगणीला लावता? बँक बँकेच्या जागी राहू द्या. तुम्हाला इथं काय कमी आहे?" त्याच दिवशी त्याने वडिलांना आपल्या खात्यावरचं एक कार्ड करून दिलं. दिगंबररावांनी दुसऱ्या दिवशी बूट, टोपी, दोन कोट असा जामानिमा करून कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन एक कॉफी घेतली. पेला ओठाला लागायच्या आत फोन वाजला.

"पप्पा, कॉफी घेतलीत का? काही नाही, मला संदेश आला म्हणून विचारलं. बर्फावरून सांभाळून या. नाही तर थांबा, मृण्मयीला गाडी घेऊन पाठवतो."

मृण्मयी खरंच आली. मागच्या सीटवर ईराला बांधून, केस न विंचरता, बिचारी धावतपळत आली. दिगंबररावांना इतकं अपराधी वाटलं की ते पुन्हा त्या दुकानाकडे फिरकले नाहीत. ज्या माणसाने तालुक्याचा कोपरान् कोपरा पायाखाली घातला, त्याचं जग आता तळघरातल्या सोफ्यापासून खिडकीपर्यंत उरलं. दार उघडंच होतं, कोंडून कुणीच घातलं नव्हतं. ओरडायचं तरी कुणाच्या नावाने?

आठवड्याभराने मुलाणी मॅडमचा फोन आला. आवाजात उत्साह होता.

"अण्णा, वाट सापडली! ज्या खातेदाराचं खातं दुसऱ्याच कुणी चोरून वापरलं, त्याच्यासाठी सवलत आहे. तो परदेशात असला तरी चालतं. तिथल्या दवाखान्यातून रक्ताचा अहवाल पाठवायचा आणि एक जबाब द्यायचा. आम्ही जुनी खूण पुसतो, तुमच्या हाताची नवी घेतो. दोन दिवसांत खातं चालू."

"जबाब कसला?"

मुलाणी मॅडमचा उत्साह जरा ओसरला. "असा की… उज्ज्वला सुरवसे यांनी माझ्या परवानगीविना, मला अंधारात ठेवून माझं खातं वापरलं."

दिगंबररावांना आधी नीट ऐकू आलं नाही असंच वाटलं. त्यांनी पुन्हा विचारलं. मॅडमनी पुन्हा सांगितलं, या वेळी हळू आवाजात.

"म्हणजे तिनं चोरी केली म्हणायचं?"

"कागदावर हो अण्णा. नुसतं कागदावर. वहिनी आता नाहीत, त्यांना काही त्रास होणार नाही. मलाही बरं वाटत नाही सांगायला."

"आणि मी खरं सांगितलं तर? मीच दिला होता फोन, असं?"

"मग तुम्हीच नियम मोडला असं होतं. सवलत नाही. चौकशी लागते, तोवर खातं गोठतं, आणि शाखेत स्वतः यावंच लागतं."

"विचार करतो," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला, पण विचार काही होईना. एक शब्द म्हटला की परवाच्या विमानात बसता येत होतं. उज्ज्वला वरून बघत असती तर म्हणाली असती, "अहो, म्हणा की. मला काय फरक पडतो?" ती असंच म्हणाली असती, याची खात्री असल्यामुळेच तो शब्द त्यांच्या जिभेवर येईना. आयुष्यभर आपल्याला जमत नाही ते तिच्यावर ढकललं, आता चोरीसुद्धा तिच्यावरच ढकलायची? त्यांना स्वतःची शिसारी आली. ते उठले, खिडकीशी गेले, पुन्हा येऊन बसले. बाहेर बर्फ पडतच होता.

रविवारी दुपारी ऋतुराज ईराला झोपवून खाली आला. वडील फोन पुढ्यात ठेवून नुसते बसले होते.

"अजून तेच का? बघू, काय म्हणायलंय ते."

त्याने फोन उचलला. पडदा अंगातल्या बनियनला पुसला, डावीकडे कलता धरला, गुडघ्यावर टेकवला आणि बापाने सांगितलेले आकडे दाबले. दिगंबररावांनी हे असं पुसणं, हे कलतं धरणं आयुष्यभर पाहिलं होतं, पण ते पाहिलंय हे त्यांना आत्ता कळत होतं.

फोनने मंजूळ आवाज केला. 'नमस्कार, दिगंबर. बऱ्याच दिवसांनी भेट झाली.'

खात्यातली शिल्लक, पेन्शनचे हप्ते, सगळं समोर उघडं पडलं होतं.

"हे कसं काय?" दिगंबरराव म्हणाले.

ऋतुराज इंजिनियर होता, शेतीच्या यंत्रांना हेच असलं काहीबाही शिकवायचं काम करायचा. त्याला उलगडा व्हायला वेळ लागला नाही. हाताची थरथर रक्ताच्या नात्यात पुष्कळदा सारखी असते. शिवाय फोन तो शिकला आईच्या मांडीवर बसून, तिच्याच हाताखाली हात धरून. आणि माणूस मोठ्या आजारातून उठला की त्याचा हात थोडा बदलतो, म्हणून खूप दिवसांच्या खंडानंतर यंत्र जरा सैल पारख करतं आणि पटलं की बंद केलेलं खातंही पुन्हा उघडतं. हे सगळं त्याने भराभर सांगितलं. मग सांगता सांगता थांबला आणि आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिला. आई गेल्यापासून तो एकदाही रडला नव्हता. विमा, हॉस्पिटल, दहन, सगळं त्याने कोरड्या डोळ्यांनी निभावलं होतं. आता त्याचे खांदे हलायला लागले. दिगंबररावांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

थोड्या वेळाने त्याने डोळे पुसले आणि हसला. "चला, सुटला की प्रश्न! आता मी सगळं बघतो." त्याने लगेच बार्शीच्या घराची घरपट्टी भरली, विजेचं थकलेलं बिल भरलं. यंत्राने कुठेही हरकत घेतली नाही. "मॅडमला सांगा, ते फॉर्मबिर्म काही नकोत. दिगंबर सुरवसे जिवंत झाले."

"मग माझं तिकीट काढ," दिगंबरराव म्हणाले.

ऋतुराजचं बोट थांबलं. "काढू की. उन्हाळ्यात बघू."

"आत्ता काढ."

"पप्पा, पण आता जायची गरजच काय? खातं चालू झालं ना."

"तुझ्या हातात चालू झालं. बार्शीला गेलो की पुन्हा मेलो मी. म्हणजे तू बसशील तिथं मी जिवंत." दिगंबररावांचा आवाज चढला. तळघरात तो फार मोठा वाटला. "आधी कुलूप होतं, ते बरं होतं. आता किल्ली पोटच्या पोराच्या हातात आहे, त्याच्यावर चिडायचं तरी कसं?"

ऋतुराजही चिडला. "तिकडं तुम्हाला काही झालं म्हणजे? आईच्या वेळी मी दहा मिनिटांच्या अंतरावर होतो पप्पा. दहा मिनिटं! तरी हाताला काही लागलं नाही. तुम्ही पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला पडलात तर मला कोण सांगणार? बँकेचं यंत्र?"

त्याच्या चांगलं वागण्याच्या तळाशी काय होतं, ते दिगंबररावांना आत्ता दिसलं. तो त्यांना डांबत नव्हता. तो भ्याला होता, आणि भ्यालेला माणूस धरलेलं सोडत नाही. त्यांचा राग बसला. पण घरी जायचं मात्र होतंच.

"तुला एक सांगितलं नाही," ते म्हणाले. "बँकेनं मला मोकळं करायची तयारी दाखवली होती. तुझ्या आईनं मला न विचारता खातं वापरलं, एवढं म्हणायचं होतं. तिला चोर म्हणायचं आणि तिची खूण पुसून टाकायची. म्हटलं असतं तर एव्हाना मी बार्शीत तुळजापूर रोडला चहा पीत असतो."

ऋतुराज बघत राहिला. "मला वाटलं, तुम्हाला ते फॉर्म समजले नाहीत म्हणून राहिलं."

"फॉर्म समजले मला. म्हणवलं नाही."

वरच्या मजल्यावर ईरा जागी झाली आणि मृण्मयीची पावलं वाजली. ऋतुराजने विमानाचं पान उघडलं. सास्काटून ते टोरोंटो, टोरोंटो ते मुंबई, एका माणसाचं, परतीचं नाही. पैसे भरायच्या खुणेवर त्याचा अंगठा येऊन थबकला. उज्ज्वलाचाही असाच थबकायचा. यंत्र त्या थबकण्याचीच वाट बघत असणार.

त्याने फोन वडिलांच्या मांडीवर ठेवून दिला.

"आईच्या हातानं नको," तो म्हणाला. "तिनं तुम्हाला एकट्याला कधीच पाठवलं नसतं." मग खिशातून स्वतःचा फोन काढला. "माझ्या खात्यातून काढतो. पाठवणारा मी आहे, तिच्या नावावर नको घालायला."

तिकीट निघालं. त्याने पडद्यावरचा तपशील पुन्हा पुन्हा वाचला आणि वडिलांकडे न बघताच वर निघून गेला. जिन्यात मात्र थांबून म्हणाला, "रोज फोन करायचा. आणि स्वतः लावायचा, शेजाऱ्याला लावायला सांगायचं नाही."

दुसऱ्या दिवशी पहाटे दिगंबररावांनी शाखेला फोन लावला. आदल्या दिवशी पोराच्या हाताने भरलेल्या बिलांचंही त्यांनी आधी सांगून टाकलं. मुलाणी मॅडम डोक्याला हात लावून ऐकत होत्या.

"आता जबाब घ्या," ते म्हणाले. "परवानगीनं, असं लिहा."

"अण्णा, पुन्हा एकदा विचार करा. खातं आत्ताच्या आत्ता गोठेल. मग मुलाच्या हातानंही उघडायचं नाही. पेन्शन तेवढी दर महिन्याला काउंटरवर उभं राहून घ्यावी लागेल."

"उभा राहीन. पुढच्या सोमवारी येतोच आहे."

"कारण काय लिहू?"

"मला जमत नव्हतं, असं लिहा. आणि तिनं कधी नाही म्हटलं नाही."

मॅडमची बोटं चालत राहिली. मग त्या म्हणाल्या, "नियम आहे म्हणून सांगते. चौकशीचा निकाल लागेपर्यंत वहिनींची खूण आम्हाला पुसता येत नाही. पुरावा म्हणून जपून ठेवावी लागते, जशीच्या तशी."

"जशीच्या तशी म्हणजे, ती फोन धरायची तो कोन, ते थांबणं, सगळं?"

"सगळं."

"आणि चौकशी किती दिवस चालते?"

मुलाणी मॅडमनी सुस्कारा सोडला. "खरं सांगू का अण्णा? आमच्याकडं चौकशा वर्षानुवर्षं रेंगाळतात. कुणी त्या फायलीला हातसुद्धा लावत नाही. मी पाठपुरावा करीन म्हणा…"

"नको," दिगंबरराव घाईघाईने म्हणाले. "मॅडम, तेवढा पाठपुरावा करू नका."